बास्केटबॉल, व्यावसायिक : अर्थव्यवहार व खेळाडूंची संघांतरे

वेतन घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंच्या संघांमध्ये प्रेक्षकांसाठी भरविण्यात येणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धांची संघटित व्यवस्था म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल. हौशी खेळातील संघ शाळा, महाविद्यालय, गाव किंवा राष्ट्र यांचा असतो. व्यावसायिक संघ एखाद्या शहराचे नाव धारण करीत असला, तरी त्याची मालकी व्यक्तीकडे अथवा कंपनीकडे असते आणि खेळाडू त्याच्याशी कराराने बांधलेला असतो. त्यामुळे कोणता खेळाडू कोणत्या संघातून खेळेल, हा प्रश्न केवळ क्रीडाकौशल्याचा राहत नाही. करारातील अटी, वेतनावरील बंधने, दूरचित्रवाणीपासून मिळणारे उत्पन्न आणि प्रसंगी न्यायालयांचे निर्णय यांवर त्याचे उत्तर अवलंबून असते.

बास्केटबॉलमध्ये ही गोष्ट इतर सांघिक खेळांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते. क्रीडांगणावर एका वेळी एका संघाचे पाचच खेळाडू असतात आणि उत्तम खेळाडू सामन्याचा बहुतेक काळ खेळत राहतो. साहजिकच एक असामान्य खेळाडू आला किंवा गेला, की संघाचे यशापयश, तिकिटांची विक्री आणि संघाची बाजारातील किंमत ही तिन्ही बदलतात. म्हणूनच खेळाडूंच्या हालचालींवर नियंत्रण ठेवण्याचे प्रयत्न या खेळात प्रारंभापासून होत आले. प्रत्येक नव्या नियमाने संघांतरे थांबली मात्र नाहीत, त्यांचे स्वरूप तेवढे पालटले. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच संक्षेपाने एनबीए, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी संस्था असल्याने पुढील विवेचन मुख्यतः तिच्या अनुरोधाने केले आहे.

प्रारंभ व संघांची स्थलांतरे : जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) याने १८९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधून काढला, तो हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत व्यायाम मिळावा म्हणून. एनबीएचा जन्म मात्र व्यापारी गरजेतून झाला. मोठ्या शहरांतील क्रीडागृहांचे मालक प्रामुख्याने बर्फावरील हॉकीचे सामने भरवीत. हॉकी नसलेल्या रात्री ती गृहे रिकामी राहू नयेत, या हेतूने त्यांनी १९४६ मध्ये बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन केली. १९४९ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीग या प्रतिस्पर्धी संस्थेशी तिचे एकीकरण होऊन एनबीए अस्तित्वात आली. एकीकरणानंतर १७ संघ होते. पाच वर्षांत त्यांतील आठच उरले.

खेळाचे नियमही उत्पन्नाचा विचार करून बदलण्यात आले. आघाडीवर असलेला संघ चेंडू आपल्याकडेच ठेवून वेळ काढी, त्यामुळे सामने कंटाळवाणे होत. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन व मिनीॲपोलिस यांच्यातील सामना १९–१८ अशा गुणांनी संपला. १९५४ मध्ये सिरॅक्यूस संघाचा मालक डॅनी बियासोन याच्या सूचनेवरून २४ सेकंदांचा नियम अंमलात आला. चित्तवेधक सामन्यात दोन्ही संघ मिळून सु. १२० वेळा चेंडू फेकतात, या अनुमानाने सामन्याच्या २,८८० सेकंदांना १२० ने भागून ही मुदत ठरविण्यात आली होती. खेळाची गती वाढली आणि प्रेक्षक टिकले.

लहान गावांना मात्र हे युग मानवले नाही. फोर्ट वेनचा संघ १९५७ मध्ये डिट्रॉइटला, मिनीॲपोलिसचा १९६० मध्ये लॉस अँजेल्सला आणि सिरॅक्यूसचा १९६३ मध्ये फिलाडेल्फियाला गेला. रॉचेस्टरचा संघ १९५७ मध्ये सिनसिनाटीला, १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला नेण्यात आला. काही नावांतून या स्थलांतरांच्या खुणा अद्याप दिसतात. सरोवरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिनेसोटा राज्यातील ‘लेकर्स’ हे नाव लॉस अँजेल्सच्या संघाने कायम ठेवले. न्यू ऑर्लीन्सच्या संगीतपरंपरेवरून पडलेले ‘जॅझ’ हे नाव संघाबरोबर १९७९ मध्ये यूटा राज्यात गेले.

राखीव कलम व त्याचा शेवट : १९४७ पासून नवोदित खेळाडूंच्या वाटपाची ‘ड्राफ्ट’ पद्धती सुरू झाली. तीत आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते. संघांचे बल समान राहावे, हा तिचा उद्देश सांगितला जातो. परंतु तिच्यामुळे नवोदित खेळाडूला आपला मालक निवडता येत नाही, हीही तिची दुसरी बाजू आहे. यापेक्षा जाचक होते ते करारातील राखीव कलम. या कलमानुसार कराराची मुदत संपली, तरी खेळाडूवरील हक्क मूळ संघाकडेच राही. संघ त्याला विकू शके किंवा दुसऱ्याच्या बदल्यात देऊ शके. खेळाडूला मात्र आपण होऊन दुसरीकडे जाता येत नसे.

खेळाडूंची संघटना १९५४ मध्ये बॉस्टनचा खेळाडू बॉब कूझी याच्या पुढाकाराने स्थापन झाली. परंतु मालकांनी तिची दखल दीर्घकाळ घेतली नाही. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टन येथील निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आश्वासन मिळाले आणि सामना झाला. दूरचित्रवाणीमुळे मालकांना जसा लाभ होतो, तसे खेळाडूंच्या हाती एक साधनही येते, हे या प्रसंगातून प्रथमच स्पष्ट झाले.

१९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संस्था निघाली. तांबडा, पांढरा व निळा अशा तीन रंगांचा चेंडू आणि दुरून टाकलेल्या चेंडूस तीन गुण या तिच्या ठळक खुणा होत. दोन संस्थांच्या चढाओढीमुळे वेतने वाढली. ती थांबविण्यासाठी एकीकरणाच्या हालचाली सुरू होताच, खेळाडू-संघटनेचा तत्कालीन अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने १९७० मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल करण्यात आला. एकीकरण सहा वर्षे रखडले. १९७६ मध्ये तडजोड होऊन राखीव कलम रद्द झाले आणि डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स व सॅन अँटोनिओ हे चार संघ एनबीएत दाखल झाले. संघाची पूर्वपरवानगी न लागता कराराअंती कोठेही जाण्याचे पूर्ण स्वातंत्र्य ज्येष्ठ खेळाडूंना १९८८ मध्ये मिळाले. टॉम चेंबर्स हा त्याचा पहिला लाभार्थी. तो सिअ‍ॅटलहून फीनिक्सला गेला.

या एकीकरणाचे दोन परिणाम उद्‌बोधक आहेत. प्रवेशशुल्काखेरीज न्यूयॉर्क निक्स या संघाला त्याच्या क्षेत्रात शिरल्याबद्दल ४८ लक्ष डॉलर भरपाई देण्याची पाळी नेट्सवर आली. ती भागविण्यासाठी त्यांनी आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू ज्युलियस अर्व्हिंग याला ३० लक्ष डॉलरना फिलाडेल्फियास विकले. संघाला प्रवेश मिळाला, पण ज्याच्यामुळे त्याला महत्त्व होते, तो खेळाडूच गेला. याउलट सेंट लूइस संघाच्या मालकांनी एनबीएत प्रवेश न घेता, प्रवेश मिळालेल्या चार संघांच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातील वाटा कायमस्वरूपी मागून घेतला. त्या वेळी हे उत्पन्न नगण्य होते. एकही सामना न खेळता त्या मालकांना पुढील दशकांत कोट्यवधी डॉलर मिळत राहिले आणि २०१४ मध्ये या हक्काचा बहुतांश भाग सोडून देण्याबद्दल त्यांना सु. ५० कोटी डॉलर देण्यात आले.

वेतनमर्यादा : १९८० च्या सुमारास अनेक संघ तोट्यात होते. त्या वर्षीच्या अंतिम फेरीतील निर्णायक सामनाही अमेरिकेच्या बऱ्याच भागांत रात्री उशिरा, ध्वनिचित्रमुद्रणावरून दाखविण्यात आला. १९८३ मध्ये मालक व खेळाडू यांच्यात झालेल्या कराराने एकूण उत्पन्नाचा ५३ टक्के वाटा खेळाडूंना देण्याचे ठरले आणि त्याबरोबरच प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा आली. १९८४-८५ मध्ये ती ३६ लक्ष डॉलर होती; २०२४-२५ मध्ये ती १४ कोटी डॉलरच्या वर गेली. आपलाच जुना खेळाडू टिकविण्यासाठी मर्यादा ओलांडण्याची मुभा संघाला असते. बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. डेव्हिड स्टर्न (१९४२–२०२०) हा १९८४ ते २०१४ या काळात एनबीएचा आयुक्त होता. त्याच्या कारकिर्दीत मॅजिक जॉन्सन, बर्ड व मायकेल जॉर्डन यांच्या लोकप्रियतेचा उपयोग करून आणि १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये व्यावसायिक खेळाडूंचा संघ उतरवून या खेळाला जागतिक बाजारपेठ मिळवून देण्यात आली.

१९९७ मध्ये मिनेसोटाच्या केव्हिन गार्नेटला सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लक्ष डॉलरचा करार मिळाला. मालक धास्तावले. त्यांनी १९९८-९९ च्या हंगामात टाळेबंदी जाहीर केली. हंगाम ५० सामन्यांवर आला आणि नव्या कराराने एका खेळाडूच्या वेतनावरही कमाल मर्यादा बसली. या मर्यादेचा दूरगामी परिणाम असा झाला, की सर्वश्रेष्ठ खेळाडूला जवळजवळ सर्व संघ सारखेच वेतन देऊ शकतात. पैशाने फरक पडेनासा झाल्यावर खेळाडू इतर गोष्टी पाहू लागला : विजेतेपदाची शक्यता, सहकारी, शहर आणि जाहिरातींचे उत्पन्न. खर्च आवरण्यासाठी केलेल्या नियमानेच श्रेष्ठ खेळाडूंना एकत्र येण्यास वाव दिला.

श्रेष्ठ खेळाडूंचे युग : जुलै २०१० मध्ये लब्रॉन जेम्स याने क्लीव्हलंड सोडून मायॅमीस जाण्याचा निर्णय दूरचित्रवाणीवरील खास कार्यक्रमात जाहीर केला. तेथे ड्वेन वेड व ख्रिस बॉश यांच्यासह खेळता यावे, म्हणून तिघांनीही कमाल वेतनापेक्षा थोडे कमी घेतले. संघाची रचना मालकाऐवजी खेळाडूंनी आपापसांत ठरविण्याचा हा ठळक प्रसंग होय. मालकांची प्रतिक्रिया २०११ च्या टाळेबंदीत उमटली. हंगाम ६६ सामन्यांवर आला आणि खेळाडूंचा उत्पन्नातील वाटा ५७ टक्क्यांवरून निम्म्यावर उतरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्सच्या ख्रिस पॉलला लेकर्सकडे पाठविण्याचा ठरलेला व्यवहार स्टर्नने नामंजूर केला. त्या वेळी न्यू ऑर्लीन्स संघाची मालकी एनबीएकडेच असल्यामुळे नियामक आणि मालक ही दोन्ही नाती एकाच ठिकाणी आली होती व म्हणून हा निर्णय वादग्रस्त ठरला.

२०१४ मध्ये नऊ वर्षांसाठी २४ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार झाला. त्याची वाढ टप्प्याटप्प्याने वेतनमर्यादेत आणावी, ही सूचना खेळाडू-संघटनेने फेटाळल्यामुळे २०१६ मध्ये ती मर्यादा एकदम ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लक्ष डॉलरवर गेली. आदल्याच हंगामात ७३ सामने जिंकणाऱ्या गोल्डन स्टेट संघाकडे त्यामुळे अनपेक्षितपणे जागा निर्माण झाली आणि ओक्लाहोमा सिटीचा केव्हिन ड्युरँट तेथे गेला. त्या संघाने २०१७ व २०१८ अशी सलग दोन विजेतेपदे मिळविली. ही स्पर्धा मुळात हिशेबातील एका उडीने असमतोल झाली होती.

ड्युरँटच्या निर्णयावर विश्वासघात म्हणून कठोर टीका झाली. तथापि त्याच्या कारकिर्दीचा आरंभ लक्षात घेणे आवश्यक आहे. २००७ मध्ये त्याची निवड सिअ‍ॅटलच्या सुपरसॉनिक्स संघाने केली होती. १९६७ पासून त्या शहरात असलेला व १९७९ चे विजेतेपद मिळविणारा हा संघ २००६ मध्ये ओक्लाहोमातील गुंतवणूकदारांनी विकत घेतला. नव्या क्रीडागृहासाठी सार्वजनिक निधी न मिळाल्याने वाद होऊन, शहराला ४ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याच्या तडजोडीनंतर २००८ मध्ये संघ हलविण्यात आला. संघ गेला तो व्यवसायाचा निर्णय आणि खेळाडू गेला तो विश्वासघात, अशी दुहेरी फूटपट्टी व्यावसायिक खेळात सर्रास आढळते. टोराँटोने २०१८ मध्ये नऊ हंगाम निष्ठेने खेळलेल्या डेमार डिरोझनला कवाय लेनर्डच्या बदल्यात सॅन अँटोनिओस पाठविले. टोराँटोला २०१९ चे विजेतेपद मिळाले आणि लेनर्ड त्याच उन्हाळ्यात लॉस अँजेल्सच्या क्लिपर्स संघात निघून गेला.

कराराची मुदत शिल्लक असतानाच बदलीची मागणी करणे, ही यापुढील पायरी होय. २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्सचा अँथनी डेव्हिस व २०२१ मध्ये ह्यूस्टनचा जेम्स हार्डन यांनी या मार्गाने संघ बदलले. डेव्हिसच्या प्रतिनिधीने मागणी जाहीरपणे केल्याबद्दल त्याला ५० हजार डॉलर दंड झाला. कोट्यवधींच्या वेतनापुढे ही रक्कम नाममात्र होती.

दुसरी सीमा : २०२३ च्या कराराने सत्तेचा तोल पुन्हा मालकांकडे, किंबहुना हिशेबाच्या वहीकडे झुकविला. वेतनमर्यादेच्या बऱ्याच वर ‘सेकंड एप्रन’ नावाची दुसरी सीमा आखण्यात आली. ती ओलांडणाऱ्या संघाला करापेक्षाही संघबांधणीवरील निर्बंध अधिक जाचतात : अनेक खेळाडूंची वेतने एकत्र करून एका मोठ्या खेळाडूशी बदली करता येत नाही, व्यवहारात रोख रक्कम देता येत नाही आणि भावी निवडीचे हक्कही गोठविले जातात. याचा प्रत्यय लवकरच आला. २०२४ चा विजेता बॉस्टन संघ २०२५ च्या उन्हाळ्यात खर्च कमी करण्यासाठी जरू हॉलिडे व क्रिस्टाप्स पोर्झिंगिस या प्रमुख खेळाडूंना सोडून मोकळा झाला. मिल्वॉकीने गंभीर दुखापत झालेल्या डेमियन लिलार्डला करारातून मुक्त केले आणि त्याचे देणे पाच वर्षांवर विभागून दुसऱ्या खेळाडूसाठी जागा केली. २०१९ ते २०२५ या सात हंगामांत सात वेगवेगळे संघ विजेते ठरले. स्पर्धा समतोल झाली, असे यावरून म्हणता येते. मात्र यशस्वी संघ फार काळ एकत्र राहू न शकणे, ही त्या समतोलाची किंमत आहे.

श्रेष्ठ खेळाडूने मूळ संघ सोडू नये म्हणून तेथे त्याला विशेष वेतन देण्याची तरतूद २०१७ मध्ये झाली होती. तिचाही विपरीत परिणाम संभवतो, कारण एवढा मोठा करार देण्याची वेळ येण्यापूर्वीच खेळाडूला दुसरीकडे पाठविण्याचा मोह संघाला होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने २५ वर्षांचा लुका डॉन्चिच याला डेव्हिसच्या बदल्यात लेकर्सकडे धाडले. आदल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते. आपली बदली होत आहे, याची त्याला पूर्वकल्पना नव्हती, आणि डॅलसमध्ये मिळू शकणाऱ्या विशेष वेतनाची पात्रताही त्यामुळे गेली. बचावाची बाजू बळकट करणे हे कारण संघव्यवस्थापनाने दिले. चाहत्यांनी क्रीडागृहाबाहेर निदर्शने केली; त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संघाच्या मुख्य व्यवस्थापकास दूर करण्यात आले.

संघांच्या किंमती व प्रेक्षक : २०२५-२६ पासून ११ वर्षांसाठी डिझ्नी, एनबीसी व अ‍ॅमेझॉन यांच्याशी झालेला प्रक्षेपण करार सु. ७६ अब्ज डॉलरचा आहे. २०१६ चा अनुभव जमेस धरून वेतनमर्यादेची वार्षिक वाढ १० टक्क्यांपुरती बांधण्यात आली. २०२५ मध्ये बॉस्टन संघाची विक्री ६·१ अब्ज डॉलर मूल्याने, तर लेकर्सची सु. १० अब्ज डॉलर मूल्याने झाली. अशा गुंतवणुकीत प्रेक्षक प्रामुख्याने दूरचित्रवाणीपुढील ग्राहक ठरतो. २०१२ मध्ये प्रमुख खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठविल्याबद्दल सॅन अँटोनिओ संघाला अडीच लक्ष डॉलर दंड झाला होता. २०२३ पासून महत्त्वाचे वैयक्तिक पुरस्कार मिळविण्यासाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट घालण्यात आली. हंगामात प्रत्येक संघाचे ८२ सामने असतात. ते कमी केल्यास विश्रांतीचा प्रश्न सुटेल, पण उत्पन्न घटेल. म्हणून सामन्यांची संख्या कायम ठेवून खेळाडूंच्या उपस्थितीवर नियम करणे पसंत केले गेले.

स्त्रियांचे व्यावसायिक बास्केटबॉल : विमेन्स नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनची स्पर्धा १९९७ मध्ये सुरू झाली. येथे संघांतरांचे कारण विपुलता नसून टंचाई हे होते. अमेरिकेतील हंगाम उन्हाळ्यापुरता आणि वेतन अल्प असल्याने अनेक खेळाडू हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन इ. देशांत खेळत. ब्रिटनी ग्रायनर ही अशाच रशियन संघाकडे जात असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्को येथे अटकेत पडली व डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. २०२४ मध्ये प्रथम क्रमांकाने निवडल्या गेलेल्या केट्लिन क्लार्कचे पहिल्या वर्षाचे वेतन ७६,५३५ डॉलर होते. त्याच वर्षी पुरुषांतील प्रथम निवडीच्या खेळाडूस सु. १ कोटी २५ लक्ष डॉलर मिळाले. क्लार्कच्या आगमनानंतर प्रेक्षकसंख्येत झालेल्या वाढीमुळे या तफावतीचा प्रश्न ऐरणीवर आला.

जागतिक बाजारपेठ : २०१९ ते २०२५ या काळात एनबीएचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हा बहुमान मिळविणारे सर्व खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. परदेशी खेळाडूबरोबर त्याच्या देशातील प्रेक्षकही येतो. २००२ मध्ये याव मिंग ह्यूस्टन संघात दाखल झाल्यावर चीनमध्ये मोठी बाजारपेठ निर्माण झाली. परंतु ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच संघाच्या व्यवस्थापकाने हाँगकाँगमधील आंदोलनाला पाठिंबा दर्शविताच चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने एनबीएचे सामने दाखविणे थांबविले. बाजारपेठ जितकी विस्तृत, तितकी तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमतही अधिक, याची जाणीव या घटनेने करून दिली.

भारतातील व्यावसायिक बास्केटबॉल अद्याप बाल्यावस्थेत आहे. पंजाबचा सतनाम सिंग भामरा याची २०१५ मध्ये डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवड केली. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय होय. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांनी २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज या संघाची मालकी मिळविली. हा संघ सिअ‍ॅटलला हलविण्याचा प्रस्ताव त्या वर्षी मालकांच्या मंडळाने फेटाळला होता. रॉचेस्टर, सिनसिनाटी व कॅन्सस सिटी येथून फिरत आलेला, आणि ऑस्कर रॉबर्टसन एके काळी ज्यातून खेळला, तो हा संघ सॅक्रामेंटोच्या नागरिकांनी व नगरशासनाने नव्या क्रीडागृहाचा भार उचलल्यामुळे तेथे राहिला. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईतील वरळी येथे सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांच्यात झालेले दोन सामने हे एनबीएचे भारतातील पहिले सामने होत.